'खासगी सावकार' लिहिणं थांबवा: पुण्यातल्या संपादकांना आणि बातमीदारांना खुलं पत्र

पुण्यातल्या दैनिकांचे आणि न्यूज पोर्टलचे संपादक, उपसंपादक आणि क्राइम बीट सांभाळणारे बातमीदार यांना,

नमस्कार.

विनंती आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण पत्र वाचायला वेळ नाही त्यांनाही ती कळेल. तुमच्या बातम्यांमधून 'खासगी सावकार' हा शब्दप्रयोग काढून टाका. परवाना नसेल तर 'अवैध सावकार' किंवा 'विनापरवाना सावकार' लिहा, परवाना असून जास्त व्याज घेतल्याचा आरोप असेल तर तसं लिहा, आणि परवाना आहे का नाही हेच माहीत नसेल तर फोन करून विचारा आणि काय उत्तर मिळालं ते छापा. एवढंच मागणं आहे. आता ते का, ते जरा सविस्तर सांगतो.

मी शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास टायपिंगचं काम करतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, नोटिशीचं उत्तर, जे येईल ते. वकील नाहीये मी, पण माणसं आधी आमच्याकडंच येऊन बसतात, कारण वकिलाची फी काय होईल याची धास्ती असते. त्यात चेक बाउन्सची नोटीस हातात घेऊन येणारे बरेच असतात. नोटिशीत लिहिलेलं असतं की अमक्यानं मैत्रीखातर हातउसने पैसे दिले होते, आणि समोरचा माणूस सांगत असतो की कसली मैत्री, दहा टक्क्यानं घेतले होते, पहिल्या महिन्याचं व्याज कापूनच हातात दिले आणि चार कोरे चेक सह्या करून ठेवून घेतले. दहा टक्के म्हणजे महिन्याला बरं का, हे पुण्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी विचारतो, त्याच्याकडं लायसन्स आहे का? आणि माणूस नुसता बघत राहतो. सावकाराला लायसन्स लागतं?

ज्या माणसाला रिक्षाचं परमिट माहीत आहे, दुकानाचं शॉप अ‍ॅक्ट माहीत आहे, वडापावच्या गाडीला फूड लायसन्स लागतं हे माहीत आहे, त्याला व्याजानं पैसे द्यायचा धंदा परवान्याशिवाय करणं हा गुन्हा आहे हे माहीत नाही. आणि कुठून कळणार त्याला? कायद्याचं पुस्तक कोण वाचतं? तो वाचतो पेपर, किंवा मोबाइलवर तुमची बातमी, आणि त्यात वर्षानुवर्षं एकच ओळ असते, 'खासगी सावकाराच्या जाचाला कंटाळून'. त्या ओळीतून त्याला काय कळतं? की सावकार नावाचा एक कायदेशीर माणूस असतो, त्यातला एक जास्त त्रास देणारा निघाला. म्हणजे पैसे देणं बरोबर, व्याज बरोबर, फक्त वागणं जरा वाईट. आणि मग तो माझ्यासमोर बसून म्हणतो की सावकाराचे पैसे आहेत ना, द्यायलाच लागणार, माझीच चूक आहे.

मुळात 'खासगी' म्हणजे काय सांगा मला. सरकारी सावकार कुठं असतो का? ज्याच्याकडं रीतसर परवाना आहे तोही खासगीच आहे आणि ज्याच्याकडं नाहीये तोही खासगीच. म्हणजे त्या शब्दानं वाचकाला काहीच कळत नाही, आणि जी एक गोष्ट कळायला पाहिजे, की या माणसाला हा धंदा करायचा अधिकार होता का नव्हता, तीच नेमकी झाकली जाते. जे परवाना काढून, हिशोब ठेवून, पावती देऊन काम करतात, त्या सावकारांवरही हा अन्यायच आहे, कारण सगळे एकाच शब्दात जातात.

आता दुसरा शब्द, सावकार. हा शब्द कुठून आला ते बघितलं की माझा राग का आहे ते कळेल. संस्कृतातला साधु, त्याचा प्राकृतात साहु झाला आणि मराठीत साव. आपण अजूनही 'चोर का साव' म्हणतो, 'सावपणाचा आव आणतो' म्हणतो, तोच हा साव, म्हणजे प्रामाणिक, सचोटीचा. साहुकार, सावकार म्हणजे ज्याचा व्यवहार सचोटीचा आहे तो. बाजारात ज्याच्या शब्दावर, ज्याच्या हुंडीवर लोक विश्वास ठेवतात तो. साधु या शब्दाला व्यापारी असा अर्थही होताच, सत्यनारायणाच्या पोथीतला साधुवाणी आठवा, तो काही संन्यासी नाही, गलबत घेऊन व्यापार करणारा वाणी आहे. गावाकडं तर अजूनही सधन माणसाला आदरानं 'या सावकार' म्हणतात, त्याचा व्याजाचा धंदा असो नसो.

म्हणजे बघा, इंग्रजीत असल्या माणसाला माणसं खाणाऱ्या माशाचं नाव दिलंय, लोन शार्क म्हणतात, आणि आपण त्याला साधूचं नाव देतो. भाषेनं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. शब्द जुना आहे, एके काळी तो खराच होता, सगळ्या पेढ्या काही लुटारू नव्हत्या. पुण्यात तर पेशव्यांच्या मोहिमा सावकारांच्या कर्जावर चालायच्या, थोरल्या बाजीरावाचं ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली असं तो त्यात म्हणतो. एवढा मोठा सेनानी, त्याची ही अवस्था. पण तिथं निदान घेणारा आणि देणारा दोघंही मातब्बर होते आणि व्यवहार काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. आज हडपसरला भाजीची गाडी लावणाऱ्या बाईला मुलाच्या ऑपरेशनसाठी पन्नास हजार देऊन महिन्याला पाच हजार उकळणारा माणूस आणि ती पेढीवाली मंडळी यांना एकच शब्द कसा काय चालतो?

आपल्याकडं दुसरे शब्द नव्हते असंही नाही. पाणिनीच्या व्याकरणात, म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी, एक सूत्र आहे, 'प्रयच्छति गर्ह्यम्'. निंद्य रीतीनं जो देतो, त्याच्यासाठी शब्द कसा बनवायचा याचा नियम. आणि लगेच पुढच्या सूत्रात दोन खास शब्द येतात. एक कुसीद, त्यावरून कुसीदिक, म्हणजे व्याजावर जगणारा. आणि दुसरा दशैकादशिक, म्हणजे दहा देऊन अकरा घेणारा. दहाचे अकरा! सूत्रात मुदत दिलेली नाही, महिन्याची का वर्षाची, पण दर बघा, आपल्या गल्लीत चालतो तोच दहा टक्के. मला ही गोष्ट एका संस्कृतच्या निवृत्त शिक्षकांनी सांगितली, ते प्रतिज्ञापत्र करायला आले होते, तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. देण्याच्या क्रियेलाच निंद्य म्हणणारा शब्द त्या लोकांनी व्याकरणात नोंदवून ठेवला आणि आपण एकविसाव्या शतकात छापतो 'खासगी सावकार'.

व्याज हा शब्दही असाच आहे. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, बहाणा, सोंग. शाळेत अलंकार शिकलो त्यात व्याजस्तुती होती, वरून स्तुती आतून निंदा. आपण 'निर्व्याज प्रेम' म्हणतो तेव्हा बिनव्याजी प्रेम म्हणायचं नसतं, ज्यात कपट नाही असं प्रेम म्हणायचं असतं. तोच शब्द पुढं कर्जावरच्या जादा पैशाला लागला.

आणि सगळ्यात वाईट झालंय ते दामदुप्पट या शब्दाचं. आज दामदुप्पट म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? पैसे दुप्पट करून देतो म्हणणारी स्कीम, जिच्यात निम्मं पुणे कधी ना कधी फसलंय. पण हा शब्द मुळात कर्जदाराच्या बाजूचा होता. व्याज कितीही वर्षं साठू दे, एका वेळी मागितलेलं व्याज मुदलापेक्षा जास्त होता कामा नये, म्हणजे हजार दिले असतील तर फार तर दोन हजारावर विषय संपला, हा तो नियम. मनुस्मृतीत तो आहे, आठव्या अध्यायात, 'कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति'. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. म्हणजे जो शब्द सावकाराला लगाम घालायला होता, तोच आज गुंतवणूकदाराला गळ म्हणून लावला जातो आणि कर्जदाराला मात्र माहीतच नाही की असा काही नियम आपल्यासाठी आहे.

मनुस्मृतीचा दाखला दिला म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नका, मी तिचा भक्त नाही. त्याच अध्यायात आधी महिन्याला ऐंशीवा भाग असा दर सांगितलाय, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के, आणि लगेच पुढं वर्णाप्रमाणे महिन्याला दोन, तीन, चार आणि पाच टक्के असे दर लावलेत, सगळ्यात जास्त शूद्राला. ज्याच्याकडं सगळ्यात कमी त्यानं सगळ्यात जास्त द्यायचं. आजही हेच चाललंय ना? ज्याचा पगार बँकेत जमा होतो त्याला बँकेचा मेसेज येतो की तुमचं लोन मंजूर आहे, आणि जो रोजंदारीवर आहे, ज्याचा सिबिल खराब आहे, ज्याच्याकडं भाडेकरार नाही, त्याच्यासाठी गल्लीतला दहा टक्केवाला.

पुणे जिल्ह्याला तर हे सगळं नवीन नाहीच. देहूला तुकोबांच्या घरी महाजनकी होती, देण्याघेण्याचा व्यवहार होता. दुष्काळानंतर त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची कर्जखतं त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली असं परंपरा सांगते. अभंगांच्या वह्या तरल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, खतं बुडवल्याची फार कमी लोक सांगतात, मला विचाराल तर ती जास्त सांगायला पाहिजे.

आणि सुपे. आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे, तेव्हा भीमथडी तालुका. १२ मे १८७५ ला आसपासच्या गावांतले शेतकरी त्या बाजारगावात जमले आणि त्यांनी सावकारांकडं वह्या आणि रोखे मागितले आणि जाळले. काही ठिकाणी दुकानं लुटली, काही घरं पेटवली, पण मुख्य राग कागदावर होता. तीसपेक्षा जास्त गावांत हे पसरलं, नगर जिल्ह्यातही गेलं. त्याच्या आधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार टाकून बघितला होता. कारणं बरीच होती, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडला, सारा वाढला, पण एक कारण आजच्या माणसानं नीट समजून घ्यावं असं आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं केली. हेतू चांगला होता, व्याज साठत राहू नये म्हणून. सावकारांनी काय केलं, दर तीन वर्षांनी नवीन रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली, ज्यात जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवीन मुद्दल लिहिलं जायचं आणि त्यावर परत व्याज. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, अंगठा त्याचाच.

आज कोरा चेक तेच काम करतो. आकडा नंतर भरतात, तारीख नंतर टाकतात, जुन्या व्याजासकट. आणि नोटिशीत शब्द येतो हातउसने. किती भला शब्द आहे हा, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा, आणि त्याच्याआड काय काय चालतं! साधुवाण्यानं नावेत पैसा भरलेला असताना वेलीपानं आहेत म्हणून सांगितलं होतं, त्यातलाच प्रकार. जमीन किंवा फ्लॅट असेल तर कागदाचं नाव बदलतं. कर्ज असतं पण लिहिलं जातं साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नाहीतर थेट खरेदीखत, पैसे दिले की परत करून देतो असं तोंडी सांगून. गाडी असेल तर टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या घेऊन ठेवायच्या आणि हप्ता चुकला की गाडी ओढून न्यायची.

सुप्याच्या उठावानंतर कमिशन बसलं, १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की कोर्टाला रोख्याच्या मागं जाऊन बघायचा अधिकार मिळाला. म्हणजे कागदावर काय आकडा लिहिलाय तेवढ्यावर न थांबता, खरं दिलं किती, परत आलं किती, व्याज कितीनं लावलं, सगळा हिशोब पहिल्यापासून तपासायचा. कागदावरच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, व्यवहार बघा. हे सांगायला सरकारला लोकांनी वह्या जाळेपर्यंत थांबावं लागलं.

महाराष्ट्रात आज लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. त्याचं कलम १८ पण हेच सांगतं. जमीन किंवा घर सावकाराकडं खरेदीखतानं गेलेलं दिसत असलं, पण ते खरं तर कर्जाच्या तारणापोटी गेलंय अशी जिल्हा निबंधकाची चौकशीअंती खात्री झाली, तर तो ते खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत द्यायचा आदेश देऊ शकतो. तक्रारीच्या तारखेपासून मागची पंधरा वर्षं यात येतात. पंधरा वर्षं! ज्या माणसानं दहा वर्षांपूर्वी मुळशीतली, मावळातली, खेडमधली गुंठेवारी अशी घालवली आणि नशीब म्हणून गप्प बसला, त्याला हे कुणी सांगितलंय का? ही ओळ मी आजवर एकाही आत्महत्येच्या बातमीखाली वाचलेली नाही.

त्याच कायद्यात परवान्याशिवाय सावकारी केली तर कलम ३९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. प्रत्यक्ष दिले त्यापेक्षा जास्त रक्कम कागदावर लिहून घेणं हाही गुन्हा आहे. वसुलीसाठी अडवणं, मागं लागणं, धमकावणं हाही वेगळा गुन्हा आहे. व्याजाचे दर सरकारनं ठरवून दिलेत, शेतकऱ्याला तारण घेऊन वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बाकीच्यांना तारण घेऊन १५ आणि विनातारण १८. परत वाचा, वर्षाला. चक्रवाढ लावता येत नाही, आणि दामदुप्पटचा तो जुना नियमही यात आहे, व्याज मुदलापेक्षा जास्त घेता येत नाही.

आता हिशोब करा. एक लाख घेतले दहा टक्क्यानं. हातात आले नव्वद हजार. महिन्याला दहा हजार. दहा महिन्यांत एक लाख देऊन झाले आणि मुद्दल अजून एक लाख तसंच. परवानाधारक सावकाराकडून विनातारण घेतले असते तर दहा महिन्यांचं व्याज होतं फार तर पंधरा हजार. हा फरक कुठल्याही बातमीत एका ओळीत मावतो. पण बातमीत असतं की 'व्याजाने पैसे घेतले होते' आणि 'वेळोवेळी व्याज देऊनही तगादा सुरूच होता'. किती व्याजानं? कायद्यानं किती चालतं? हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले ना, तर वाचणाऱ्या प्रत्येक माणसाला आपोआप आपला हिशोब आठवेल.

बाकीच्या शब्दांबद्दलही थोडं बोलतो. 'पठाणी व्याज', 'पठाणी वसुली' हे अजून सर्रास छापून येतं. एके काळी शहरात काबुली लोक व्याजानं पैसे द्यायचे म्हणून तो शब्द आला, पण आज वसुलीला येणारा आपल्याच पेठेतला, आपल्याच गावचा असतो, बऱ्याचदा त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागलेला असतो. मग दुसऱ्याच समाजाच्या नावानं कशाला खडे फोडायचे? सुप्याच्या वेळी रोख मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, पण प्रश्न जातीचा नव्हता, कागदाचा आणि दराचा होता. शब्द कृत्याला द्या, समाजाला देऊ नका.

'फायनान्सर' पण नको. त्यानं माणूस एकदम ऑफिसवाला वाटायला लागतो. 'मीटर व्याज' हा शब्द मात्र मला चालतो, तो लोकांनी स्वतः काढलाय आणि खरा आहे, दिवस उलटला की आकडा पुढं.

आणि 'जाचाला कंटाळून'. हे कृपा करून बंदच करा. कंटाळा रांगेत उभं राहून येतो. दारात चार माणसं उभी करून, बायकोच्या ऑफिसात फोन करून, पोराला शाळेबाहेर अडवून जे होतं त्याला कंटाळा म्हणत नाहीत. आणि त्या ओळीत मेलेला माणूस कर्ता असतो, तो कंटाळला, त्यानं जीवन संपवलं. ज्यानं छळलं तो नुसता 'जाच' होऊन बाजूला राहतो. उलटं लिहून बघा: 'परवान्याशिवाय महिन्याला दहा टक्के व्याज उकळणाऱ्या दोघांवर गुन्हा, कर्जदाराचा मृत्यू'. माहिती तीच, पण कोणी काय केलं ते कळतं. मोबाइलवरच्या लोन अ‍ॅपबद्दलही हेच, तिथं निदान तुम्ही 'फसवणूक' लिहिता, गल्लीतल्या माणसाबद्दल लिहिताना मात्र हात आखडतो.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. हेडलाइनला जागा नसते म्हणाल, तर 'खासगी' तीन अक्षरी आणि 'अवैध' पण तीन अक्षरी. बदनामीचा दावा होईल म्हणाल, तर फिर्याद हातात घ्या. एफआयआरमध्ये सावकारी अधिनियमाचं कलम ३९ लावलेलं असेल तर आरोपच विनापरवाना सावकारीचा आहे, मग 'विनापरवाना सावकारीच्या आरोपावरून' असं लिहायला काय हरकत आहे? आणि कलम लावलेलंच नसेल, नुसतं खंडणी आणि मारहाण असेल, तर का लावलं नाही हा प्रश्न बातमीदारानं पोलीस स्टेशनमध्ये विचारायचा असतो, टायपिस्टनं नाही. बरं, राज्यभरातल्या सावकारी परवान्यांचा सगळ्यात वरचा अधिकारी म्हणजे सहकार आयुक्त, आणि त्यांचं ऑफिस आपल्याच गावात आहे. मुंबईला फोन लावायची पण गरज नाही. जिल्ह्यात किती परवाने आहेत, कुणाचे आहेत, किती तक्रारी आल्या आणि कलम १८ खाली किती जमिनी परत गेल्या, हे दरवर्षी मार्च संपला की मागून छापलं तर ती बातमी मी कात्रण करून माझ्या टेबलावर लावीन, आणि तिथं येणारा प्रत्येक जण ती वाचेल याची खात्री देतो.

शेवटी एक तयार मजकूर देतोय. आत्महत्येच्या बातमीखाली मदतीचा नंबर द्यायची चांगली पद्धत तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सुरू केलीये. तशीच सावकारीच्या प्रत्येक बातमीखाली एक चौकट द्या. कायदा बघून भाषा तुमच्या पद्धतीनं नीट करून घ्या, पण यातलं काही गाळू नका:

'परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा गुन्हा आहे. व्याजाची कायदेशीर मर्यादा वर्षाला ९ ते १८ टक्के आहे आणि एकूण व्याज मुदलापेक्षा जास्त घेता येत नाही. कर्जापोटी जमीन, घर लिहून दिले असेल तर पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार करता येते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. धमकी आल्यास ११२. मन फार खचले असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येते.'

आपला रोजचा वाचक,
एक टायपिस्ट, शिवाजीनगर, पुणे